दूध पाजताना आईच्या मेंदूत खरंच काही बदलतं का?
हो, बरंच बदलतं. बाळ दूध ओढायला लागलं की सिग्नल मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जातो, ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं आणि दूध उतरतं, पुढे पुढे तर नुसतं रडणं ऐकूनही पान्हा फुटतो, म्हणजे मेंदू किती ट्रेन होतो बघा. प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन दूध बनवतं, शिवाय ओव्हुलेशन (अंडाशयातून बीज बाहेर पडणं) दाबतं म्हणून पाळी लांबते. बार्सिलोनातल्या २०१६च्या अभ्यासात गरोदरपणानंतर मेंदूच्या काही भागांतलं ग्रे मॅटर (मेंदूतला करडा भाग) कमी झालेलं दिसलं, २ वर्षांनीही तसंच, पण स्मरणशक्तीत फरक नव्हता! बाळंतपणानंतरच्या विसराळूपणाचं खापर मी तरी आधी अपुऱ्या झोपेवर फोडेन. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स धाडकन उतरतात, त्या दिवसांत रडू येणं कॉमन आहे, पण २ आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.