वाचकांचे प्रश्न : गावातील मुलांचा कलावर्ग कसा टिकवावा?

प्रश्न : मी २३ वर्षांची असून मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते. दर रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात मुलांना जमवून गाणी, चित्रे आणि नाट्यखेळ घेते. पालक विचारतात, ‘याचा अभ्यासाला उपयोग काय?’ गावातील काही मंडळी म्हणतात, ‘माघी गणपतीला चित्रपटगीतांवर नाच बसव, मग देणगी देऊ.’ रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचे मोठे जाळे ओढायला, जाणाऱ्या घरांतील मुले तर क्वचितच येतात. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटची अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. रापण कधी ओढायची हे समुद्र आणि मासळी ठरवते. ज्या मुलांचे हात सकाळी दोरीला लागलेले असतात, त्यांच्यासाठी वर्गाची वेळ आणि जागा दोन्ही बदलावी लागतील. दुपार कलल्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीतही वर्ग भरू शकतो. कोकणच्या उत्तर टोकाला बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आकाराला आली.

आता वर्गात काय घ्यावे, याविषयी. तुमच्या जिल्ह्यात यासाठी लागणारी सामग्री इतकी विपुल आहे की बाहेरून काही आणण्याची गरज नाही. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते; आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. जत्रेतला दहीकाला, म्हणजे हेच दशावतारी नाटक, पाहत वाढलेल्या मुलांना ही रीत अंगवळणी पडलेली असते. त्यांना एखादा प्रसंग द्या, पण वाक्ये देऊ नका. राजाकडे तक्रार घेऊन आलेला कोळी काय बोलेल, हे मुलाला स्वतः शोधू द्या आणि ते मालवणीत बोलू द्या. पाठ केलेले भाषण विसरले की मूल गप्प होते. येथे मात्र समोरच्याचे नीट ऐकले नाही तर उत्तरच देता येत नाही. ऐकणे, विचार करणे आणि धिटाईने बोलणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून मी या खेळाला फार मोल देते. दशावतारात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करत आले; तुमच्या वर्गात मुलींनी राजा आणि राक्षस संकासुर अवश्य व्हावे.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही अशीच उपयोगाची आहे. ठाकर समाजातील कलावंत पोथीतील एकेक चित्र समोर धरून कथा गातात, आणि या पोथ्यांत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. मुलांना जाड कागदाच्या एका बाजूला घडलेली घटना काढायला सांगा आणि पाठची बाजू दुसऱ्या मुलाकडे द्या. पुढे काय झाले ते त्याने काढावे आणि दोघांनी मिळून सांगावे. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हेही मुलांना आवर्जून सांगा. पिंगुळीच्या कलावंतांना वर्गात बोलवाल तेव्हा त्यांना मानधन द्या. परंपरा आपलीच म्हणून कलावंताचे श्रम फुकट घेण्याची सवय मुलांनी आपल्याकडून शिकू नये.

पालकांना ‘गुण वाढतील’ असे आश्वासन मात्र देऊ नका. ते खरे ठरेलच असे नाही आणि न ठरल्यास वर्ग बंद पडेल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळ आणि कला यांत सहभागी होणे हा मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने १९९२ साली ती संहिता स्वीकारली आहे. तरीही पालकांना कलम ऐकवण्याऐवजी महिन्यातून एकदा वर्गात येऊन बसण्याचे निमंत्रण द्यावे. घरी चकार शब्द न काढणारे आपले मूल इतरांसमोर बोलताना त्यांनी स्वतः पाहिले की तो प्रश्न बहुधा पुन्हा येणार नाही.

माघी गणपतीची संधी सोडू नका, परंतु तेथे मुलांनी स्वतः रचलेले छोटे नाटक होऊ द्या. देणगीसाठी नाच बसवू लागलात की चटकन ताल धरणारी मुले पुढे येतील आणि ज्यांच्यासाठी वर्ग सुरू केला ती मागच्या रांगेत जातील. पहिला-दुसरा क्रमांक काढण्यास ठाम नकार द्या.

वर्ग नेहमी उघड्या जागी आणि आणखी एका प्रौढ व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावा. मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय कोठेही टाकू नयेत.

शेवटची सूचना तुम्ही विचारलेली नाही, तरीही करते. उद्या नोकरीसाठी तुम्हाला मुंबईला जावे लागेल आणि वर्ग एका व्यक्तीवर उभा असेल तर तुमच्याबरोबरच संपेल. आठवी-नववीतील दोन-तीन मुलामुलींकडे आतापासूनच एकेक रविवार सोपवा, त्यांना चुकू द्या, आणि त्या दिवशी तुम्ही मुलांच्या रांगेत बसा.