मस्कतच्या पाट्या आणि अरबी अक्षरं

प्रश्न: नोकरीसाठी मस्कतला येऊन चार महिने झाले. पाट्या वाचता याव्यात म्हणून अरबी अक्षरं गिरवतेय, २८ पाठ झालीत पण शब्दात ओळखूच येत नाहीत. आणि दोन क, दोन त, दोन ह कशाला?

उत्तर: ताई, पाठ केलीत ना, अर्धं काम झालं. अक्षर सुटं, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं, पण टिंबं तीच राहतात, म्हणून टिंबं बघा, बा ला खाली एक, ता ला वर दोन, सा ला वर तीन. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव ही सहा पुढच्या अक्षराला हातच देत नाहीत. म्हणून मस्कतमधल्या रुवी भागाची पाटी बघा, रा, वाव आणि या ही तिन्ही अक्षरं सुटी, आणि मस्कत मात्र मीम, सीन, क़ाफ़ आणि दुसरा, बिनटिंबाचा जड ता अशी सलग जोडलेली. ह्या दोन पाट्यांवरच आठवडाभर हात बसवा, उजवीकडून डावीकडे.

उच्चाराचं म्हणाल तर आपण कलम आणि किताब दोन्ही एकाच क ने म्हणतो, पण अरबीत कलमचा क़ाफ़ पार मागे पडजिभेपाशी आणि किताबचा काफ़ आपल्या क सारखा. फरक केलाच पाहिजे, कारण क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा! मस्कतचा त पण जड, जिभेचा मागचा भाग उचलून म्हणायचा. हक्कमधला ह घशातून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा. अक्कलमधला ऐन, म्हणजे सुरुवातीच्या अ च्या जागचं अक्षर, सगळ्यात अवघड, तो मात्र ऑफिसातल्या ओमानी मैत्रिणीकडून ऐकूनच शिका.