स्प्रिंग जाड घ्यायची का लांब? तीन स्प्रिंगांची भानगड

प्रश्न : काका नमस्कार. माझी 2011 ची ईको आहे, धायरीत पाण्याचे जार पोचवायचा धंदा आहे, एका फेरीला 22-23 जार असतात. गाडी मागून बसलीये, रिकामी असली तरी दोन बोटं खाली दिसते आणि भरली की स्पीडब्रेकरला खालून धाडकन आवाज येतो. दिवाळीत मागचे शॉकअप नवीन टाकले, फरक शून्य. आता मागच्या कॉइल स्प्रिंगा बदलायच्यात. नाना पेठेत एका दुकानात ओरिजिनल मापाची जोडी आहे, दुसऱ्या दुकानात हेवी ड्यूटी म्हणून देतायत, आणि जुन्या बाजारात एक वापरलेली जोडी स्वस्तात मिळतीये. माझ्या स्प्रिंगची तार 11 एमएम भरली, हेवीवाली 12, जुन्या बाजारवाली साडेअकरा पण तिला एक वेढा जास्त आहे. 1 एमएमने असा काय फरक पडतो? कुठली घेऊ? (एक वाचक, धायरी)

उत्तर : शॉकअपचे पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, पण तो घोटाळा निम्मं पुणं करतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिची उचकी थांबवतो, म्हणजे गाडी बसली असेल तर नवीन शॉकअपने ती उठणार कशी?

आता तुमचा 1 एमएम. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे 11 चार वेळा मांडून गुणा, 14,641 येतात, 12 चे 20,736. बाकी सगळं तेच असेल तर ही हेवी ड्यूटी तुमच्या स्प्रिंगपेक्षा तब्बल 42 टक्के कडक झाली. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच, काळ्या रंगातल्या. वेढ्याचा व्यास घनाने जातो, तो वाढला की स्प्रिंग मऊ होते, आणि वेढे जास्त तितकी पण मऊ. म्हणून ती जुन्या बाजारवाली गंमत बघा, साडेअकराची तार आहे म्हणजे कडक असं वाटतं, पण तुमच्या स्प्रिंगला काम करणारे 6 वेढे आणि हिला 7 असं धरलं तर हिशेब जवळजवळ तुमच्या ओरिजिनलवरच येऊन थांबतो, जेमतेम 2 टक्के जास्त. वेढे मोजताना वरचा-खालचा टेकलेला भाग सोडून द्यायचा, तो काम करत नाही.

माप घेताना एक करा, रंग खरवडा. नवीन मालावर रंगाचा थर चांगला जाड असतो, वर्षानुवर्षं वापरलेल्यावर गंजाचे पोपडे असतात, आणि चौथ्या घातामुळे व्हर्नियरवरची अर्ध्या एमएमची चूक हिशेबात 20 टक्क्यांच्या आसपास जाते. माझ्यासमोर एका काउंटरवर 12 म्हणून ठेवलेली तार ब्लेडने थोडी खरवडल्यावर साडेअकरा निघाली होती, दुकानदार म्हणाला, असू दे की साहेब, कंपनीची आहे.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या स्प्रिंगचा कडकपणा बहुतेक कुठंच गेलेला नाही! पोलाद म्हातारं झालं म्हणून मऊ होत नाही, वर्षानुवर्षं दाबून दाबून ती लांबीला कमी होते, कायमची बसते. मग तुम्हाला हवीये हरवलेली उंची, आणि ती ओरिजिनल मापाची नवी जोडी परत देते. जास्त कडक स्प्रिंग घेतली तर भरलेली गाडी छान चालेल, पण परतीच्या रिकाम्या फेरीत मागचं बूड उड्या मारेल, ईको मागच्या चाकांवर ओढते, आणि पावसात कात्रज घाट उतरताना हलकं मागचं चाक कसं वागतं ते तुम्हाला सांगायला नको.

खात्री करायची तर जार तुमच्याकडेच आहेत ना! 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, वर जारचं थोडंफार वजन, याच्यापेक्षा स्वस्त वजनमापं कुठं मिळणार? सपाट जागेवर गाडी उभी करा, मागचं बूड दोन-तीनदा हलवून सोडा (सांध्यांतले रबरी बुश अडकलेले असतात), चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, दोन्ही बाजूंनी. मग 10 जार बरोबर मागची दोन चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलवर ठेवा, परत हलवा, परत मोजा. समजा 40 एमएम खाली गेली, तर 200 किलो दोन स्प्रिंगांत वाटले, एकीला 100 किलोला 40, म्हणजे एका स्प्रिंगला एमएममागे अडीच किलो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, नवीन जोडी बसवल्यावर हीच परीक्षा घ्या, दुकानदाराने काय दिलं ते तिथंच कळेल. फक्त बंप स्टॉपला (स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी ज्यावर आपटते तो रबरी ठोकळा) टेकायच्या आत थांबा, नाहीतर आकडा खोटा येतो, तो धाडकन आवाज बहुतेक त्याचाच आहे.

जुन्या बाजारातली जोडी नको. माप बरोबर असलं तरी ती किती बसलीये ते तुम्हाला माहीत नाही, आणि गंजाचा खड्डा असेल तिथून स्प्रिंग तुटते, बहुतेकदा खालच्या वेढ्याला, जिथं चिखल साठतो. वेढ्यांमधे रबरी बफर घालायचा सल्ला कोणी देईल, तेव्हा एवढंच लक्षात ठेवा की तो जेवढे वेढे अडवतो तेवढा ताण उरलेल्यांवर जातो. आणि गॅसने तापवून स्प्रिंग उठवून देतो म्हणणाऱ्या मेस्त्रीकडून गाडी लगेच काढून घ्या, पोलादाचं पाणीच उतरतं त्याने.

आणखी एक, भरलेली गाडी एकदा काट्यावर चढवा आणि आरसीवरच्या ग्रॉस वजनाशी जुळवा. 23 जार म्हणजे पावणेपाचशे किलोच्या घरात, त्यात तुम्ही आणि एखादा पोरगा. वजन जास्त भरत असेल तर जार कमी करा, कारण स्प्रिंग कडक केली म्हणून अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि टायर काही जास्त ताकदीचे होत नाहीत. बदलताना दोन्ही बाजू एकदम बदला, अ‍ॅक्सल खाली सोडताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते बघा, आणि झाल्यावर हेडलाइट सेट करून घ्या, इतके दिवस समोरच्याच्या डोळ्यात जात असणार.

प्रश्न : जुन्या ओम्नीला मागे पाट्यांऐवजी (लीफ स्प्रिंग) कॉइल बसवता येईल का? (हडपसर)

उत्तर : नको हो. ओम्नीचे पाटे वजन तर पेलतातच, वर अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवतात. कॉइल नुसती वजन घेते, अ‍ॅक्सल धरायला वेगळे दांडे लागतात, ईकोला ते असतात. पाटे बसले असतील तर पाटेवाल्याकडून कमान काढून घ्या नाहीतर सेट बदला, आणि पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश त्याच वेळी टाका.