तान्ह्या बाळांची घरं धर

आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाची कामं नसतात म्हणून कॅमेरा कपाटात ठेवायचा नसेल, तर घरगुती फोटोशूटची वर्षाची मेंबरशिप सुरू कर. पण आधी दहाच घरं घे. तान्ह्या बाळांची घरं सगळ्यात टिकतात: बारसं, उष्टावण, बोरन्हाण, पहिला वाढदिवस, कामं आपोआप येत राहतात. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतला बाप आणि त्याच्या कडेवरचं पोर, असा एकच फोटो मोठा छापून फ्रेम करून दे. तो हॉलमध्ये लागला की पाहुणेच तुझा नंबर मागतात; पेन ड्राइव्ह कोण उघडून बघतंय? मेंबरशिपचा हप्ता यूपीआय ऑटोपेवर लाव, दारोदार मागत फिरू नकोस. न वापरलेलं शूट पुढच्या वर्षी चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून दे. आणि मे महिन्यात दुपारचं आउटडोअर कुणालाच कबूल करू नकोस, मेंबर असला तरी.