सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द: आधी या तीनच जोड्या घ्या

पन्नास जोड्यांची यादी आत्ताच पाठ करू नका. तीन जोड्या घ्या आणि प्रत्येक शब्द त्याच्या लॅटिन मुळापर्यंत न्या.

१. कॉम्प्लिमेंट: दोन्ही शब्दांचं मूळ 'कॉम्प्लेरे', म्हणजे पूर्ण भरणे. मधे 'ई' असेल तर अर्थ पूरक. 'कम्प्लीट'मधलाच तो 'ई'. 'आय' असेल तर प्रशंसा. हा स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच असा वळसा घेऊन आला, म्हणून स्पेलिंग बदललं.

२. प्रिन्सिपल: शेवटी 'एल-ई' असेल तर तत्त्व, मूळ 'प्रिन्सिपियम', आरंभ. 'ए-एल' असेल तर मुख्य, मूळ 'प्रिन्सिपालिस'. 'नॅशनल', 'लीगल' यांच्यासारखं हे मुळात विशेषण. कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाची मुद्दल, दोन्ही यातूनच निघाले.

३. इलिसिट: 'ई'ने सुरू होणारं क्रियापद 'एलिसेरे'वरून, म्हणजे (उत्तर, माहिती) काढून घेणे. 'आय'ने सुरू होणारं विशेषण म्हणजे बेकायदा; 'लायसन्स'च्याच मुळाला नकारार्थी 'इन' लागलं आणि 'एल'पुढे त्याचं 'इल' झालं. म्हणून इथे दोन 'एल'.

नवखे हमखास चुकतात ते जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी पाठ करून. मग तेच एकमेकांत गुंततात. एक पक्का करा, वाक्यात वापरा, चार दिवसांनी दुसरा घ्या. स्पेल-चेकवरही विसंबू नका, कारण दोन्ही स्पेलिंगं बरोबरच असतात. आणि उच्चार एक म्हणून मूळ एक, असं धरून चालू नका. तिसरी जोडी पाहा.

'अफेक्ट-इफेक्ट' सध्या बाजूला ठेवा. दोन्ही नाम आणि क्रियापद म्हणून येतात, तो गुंता नंतर सोडवू.