दोन मिलिमीटरचा भुंगेरा नवा आहे, हे ठरवायचं कसं?

प्रश्न : आमच्या कुळागरात पडलेलं सुपारीचं एक खोड पावसात कुजलं आहे. त्याच्या आत जेमतेम दोन मिलिमीटरचे तपकिरी भुंगेरे मिळाले. मोबाइलवरच्या ॲपने तीन वेगवेगळी नावं दाखवली, एकही जुळत नाही. ही नवी प्रजाती असेल का? – एक वाचिका, वाळपई

उत्तर : असू शकेल. आजवर नाव मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या प्रजाती चार लाखांच्या घरात आहेत, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा ओला पालापाचोळा फार थोड्यांनी बारकाईने चाळला आहे. पण ॲपला ओळख पटली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. इतक्या लहान भुंगेऱ्यांची खरी ओळख बहुधा फोटोत दिसतच नाही.

एकाच किड्यावर विसंबू नका. पंधरा-वीस तरी गोळा करा, म्हणजे नर आणि मादी दोन्ही मिळतील. कोषातून नुकताच निघालेला भुंगेरा फिकट आणि मऊ असतो, त्याचा रंग बसायला वेळ लागतो. असा फिकट किडा ‘वेगळ्या रंगाची नवी प्रजाती’ म्हणून पुढे येणं ही नेहमीची फसगत आहे. नर-मादीच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) किंवा पाय वेगळे दिसले, की दोन प्रजाती मानण्याची चूकही तितकीच होते.

जवळच्या प्रजाती बाहेरून सारख्या दिसल्या, तरी नराच्या जननांगाचा आकार बहुतेक वेळा वेगळा असतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी पोटाचं टोक अलगद सोडवून घ्यायचं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, म्हणजे १०० मिली पाण्यात १० ग्रॅम, रात्रभर ठेवायचं. स्नायू विरघळतात, कठीण भाग उरतो. घाई म्हणून द्रावण उकळलं तर पातळ पडदे नाहीसे होतात आणि कठीण भागही काचेसारखा पारदर्शक होतो. मग चित्र काढायला कडाच सापडत नाही. हे रसायन त्वचा भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर पाण्यात व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकून भाग त्यात धुवायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून चारही बाजूंनी पाहायचा. काम झालं की तो ग्लिसरीनसह इवल्याशा कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला लावायचा. ही कुपी हरवली तर अर्धा पुरावा गेला.

मग तुलना. फक्त गोव्यातल्या नोंदी पाहून भागत नाही. त्या जीनसच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाच्या, कर्नाटक, केरळ, श्रीलंका, म्यानमार, अगदी जावापर्यंतच्या प्रजाती तपासाव्या लागतात, कारण लाकूड आणि रोपांबरोबर हे किडे दूरवर जातात. ब्रिटिश काळात वर्णन झालेल्या कित्येक प्रजातींचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. जुनं वर्णन चार ओळींचं असेल तर मूळ नमुना किंवा त्याचे चांगले फोटो पाहिल्याशिवाय ‘नवी’ म्हणू नये.

प्रश्न : नमुने ठेवायला फेणी चालेल का? पावसाळ्यात सुक्या किड्यांवर बुरशी येते, ते कसं टाळावं? – एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : फेणी नको. काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के. त्यात किडा आतून कुजतो. रचना पाहायची असेल तर ७० टक्के इथेनॉल, डीएनएसाठी ९५ टक्के किंवा जास्त, आणि तेही फ्रीझरमध्ये. पण ९५ टक्क्यांत पाय ताठ होऊन मोडतात, म्हणून दोन कुप्या वेगळ्या भरा. किड्यांच्या अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं. दुसऱ्या दिवशी बदला.

कुपीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि महिन्याभरात हाती निळसर पाणी व कोरा कागद राहतो. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि ‘सुपारीच्या कुजक्या खोडात’ एवढं हवंच. अक्षांशाला दशांश चिन्हापुढे चार अंक दिले की जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी होते.

दोन मिलिमीटरच्या किड्याला थेट टाचणी मारू नका, फुटतो. जाड कागदाचा ८-१० मिमी लांबीचा त्रिकोण कापा, रुंद बाजूतून टाचणी घाला आणि टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा ठिपका देऊन किडा उजव्या कुशीवर चिकटवा. गोंद जास्त झाला तर पोटाकडची लक्षणं झाकली जातात. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, गोव्याच्या हवेत साध्या गंजतात. पेटीचं झाकण घट्ट हवं, आत सिलिका जेल. तिचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा.

प्रश्न : नव्या प्रजातीच्या वर्णनात काय लागतं? आणि प्रजातीला आजीचं नाव देता येईल का? – एक वाचक, काणकोण

उत्तर : प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००० सालापासून एक होलोटाइप, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचं जोडलेलं असतं असा एकच नमुना, स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कुठे ठेवला हेही लिहावं लागतं. वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने पॅराटाइप. जवळच्या प्रजातींपासून वेगळेपण शब्दांत मांडणं आवश्यक आहे. लांबी मोजताना डोकं धरू नका. ते आत-बाहेर होतं. छातीच्या कवचाच्या पुढच्या कडेपासून पंखकवचांच्या टोकापर्यंत मोजा आणि तसं लिहून ठेवा. सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी प्रत्येक वर्धनाला (मॅग्निफिकेशनला) वेगळी तपासा, नाहीतर सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकतात. शोधनिबंध केवळ ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते.

अभयारण्यात, मग ते म्हादई असो वा खोतीगाव, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने अधिकृत भांडाराला द्यावे लागतात; भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांपैकी एक, आणि त्याचं केंद्र पुण्यातही आहे. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.

आजीचं नाव खुशाल द्या. स्त्रीच्या नावाला रोमन लिपीत शेवटी ‘ए’ आणि ‘ई’ ही अक्षरं लागतात, पुरुषाच्या नावाला ‘आय’, गावाच्या नावाला ‘एन्सिस’. निबंध छापून येईपर्यंत मात्र ते नाव वर्तमानपत्रात येऊ देऊ नका. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला संहितेत मान्यता नसते, आणि तेच नाव दुसरा कुणी दुसऱ्या किड्याला देऊन बसू शकतो.