बाबांच्या नव्या लॅपटॉपवर कोणता अँटीव्हायरस टाकू, म्हणजे ते ऑनलाइन फसणार नाहीत?

अँटीव्हायरसचं आधी उरकतो. विंडोज 11 मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस येतोच. तो चालू ठेवा, अपडेट अडवू नका, एवढं पुरे. माझ्या दुकानात हे ऐकून लोक जरा नाराजच होतात. हजार रुपये देऊन निर्धास्त व्हायच्या तयारीने आलेले असतात बिचारे.

तुमच्या प्रश्नातलं कामाचं वाक्य शेवटचं आहे : "बाबा हुशार आहेत, पण फोनवर कुणी साहेबी आवाजात बोललं की गडबडतात." फसवणारे नेमकं हेच हेरतात.

ठाण्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. पैसे गेल्यानंतर माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपांत खरोखर व्हायरस निघाले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकी ठिकाणी मालकानेच आतून कडी काढून दिली होती.

आमचे मामाच घ्या. एसटीतून निवृत्त, हिशेबाला एकदम चोख. क्रिकेटचा स्कोअर बघताना अख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि इंग्रजीत एक बाई सांगू लागली की कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद केलात तर सगळं जाईल, खालच्या नंबरवर फोन करा. मामांनी केला. पलीकडच्या मुलाने नम्रपणे एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यातून मामांचा पडदा स्वतःकडे घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक बिघाडांची नोंदवही, उघडून लाल फुल्यांची रांग दाखवली. या फुल्या तुमच्या-माझ्या, अगदी काल घेतलेल्या मशीनवरही असतात, बहुतेक किरकोळ असतात. मग कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅट चालवलं, म्हणजे आपलं मशीन कुठल्या मशीनांशी जोडलेलं आहे ते दाखवणारी कमांड. तिथे 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असा रकाना येतो, त्याचा अर्थ फक्त समोरचं मशीन. तो म्हणाला, "बघा अंकल, परदेशातून लोक शिरलेत." मामांनी नऊ हजार भरले, पाच वर्षांच्या संरक्षणाचे.

तीन आठवड्यांनी त्याच टोळीचा फोन : कंपनी बंद होतेय, पैसे परत घ्या. मामांनी बँकेचं पान उघडलं, तर शिल्लक नव्वद हजारांनी वाढलेली. "अंकल, चुकून एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा." प्रत्यक्षात दमडीही आलेली नव्हती. ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा बदलून दाखवता येतो, दहा सेकंदांचं काम आहे. मामा पैसे पाठवायच्या बेतात असताना मामीने राउटरचा स्विच पाडला. तिला यातलं काही कळत नव्हतं. "इतकं रडतोय कशाला तो पोरगा?" एवढंच तिला खटकलं होतं.

हा धंदा आमच्या बाजूला नवा नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा एका रात्रीत सातशेच्या वर मुलं-मुली ताब्यात घेतली होती. ती अमेरिकन उच्चारात अमेरिकेतल्या लोकांना फोन करायची : आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, भरा नाहीतर अटक होईल. पैसे घ्यायचे आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डांवर. गिफ्ट कार्डावर कर भरायचा! आपल्याला हसू येतं. पण घाबरलेल्या माणसाला फोन ठेवूच दिला नाही, की त्याला ते विचित्र वाटेनासं होतं.

आता तोच खेळ इथे 'डिजिटल अरेस्ट' म्हणून चालतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुमच्या आधारवर काळ्या पैशांचं खातं निघालं. मग व्हिडिओ कॉलवर वर्दी, मागे अशोकस्तंभ, आणि हुकूम : कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. बाबांना हे आजच समजावून सांगा. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. चौकशीला हजर राहण्याची जी नोटीस पोलीस देतात, तीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय. मग व्हिडिओ कॉलवर अटक कुठून होणार?

लॅपटॉपवर करण्यासारखं थोडंफार आहे. विंडोजमधलं बाबांचं रोजचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. याने सगळं अडत नाही, कारण पडदा शेअर करणारी काही अ‍ॅप्स इन्स्टॉल न करताही चालतात. पण निदान काही तरी अडेल. ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन घाला, कारण तो लाल पडदा बऱ्याचदा जाहिरातीतूनच येतो. नोटिफिकेशनची परवानगी सगळ्या साइटांना बंद करा. कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' म्हणून जे डब्बे उगवतात, ते बहुतेक कधीतरी चुकून 'अलाऊ' दाबल्याचं फळ असतं. आणि लाल पडदा आलाच, तर एस्केप दाबून धरायचं. नाहीच गेला तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून मशीन बंद. पुन्हा उघडल्यावर ब्राउझरने 'मागची पानं आणू का' विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

बँकेचं काम याहून मोठं. ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा उतरवून घ्या आणि ज्या खात्यावर नेट बँकिंग चालतं त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. एफडी घरबसल्या मोडता येत असेल तर ती सोय बंद होते का, हे शाखेत जाऊन विचारा. डिजिटल अरेस्टमध्ये लोक स्वतःच्या हाताने एफडी मोडतात.

एवढं करूनही पैसे गेले, तर पहिला फोन 1930 ला, ही ऑनलाइन फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन. मुलाला, भाच्याला, माझ्यासारख्या दुकानदाराला नंतर. पैसे काही मिनिटांत दुसऱ्यांच्या नावावर भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतात, आणि वाटेत गोठवले तरच हाती लागतात. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा, बँकेलाही लगेच कळवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो. 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणारा कुणी भेटला, तर तो त्याच टोळीचा दुसरा फेरा समजा.

आता एक गोष्ट तुमच्याकडची, रागावू नका. मामांनी नऊ हजारांचं तीन आठवडे कुणालाच सांगितलं नव्हतं. भाचा कॉम्प्युटरवाला असून मलाही नाही. का, तर मागे एकदा त्यांनी चुकीची फाइल उघडली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "मामा, तुम्हाला किती वेळा सांगायचं?" तेव्हाच सांगितलं असतं, तर दुसरा फोन आला तेव्हा ते एकटे नसते. बाबांनी उद्या विचारलं की हे दाबू का, तर दहाव्यांदाही नीट सांगा.

मामांच्या लॅपटॉपवर मी कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात : '1930'. खाली मामीने पेनाने भर घातलीय : 'आधी मला हाक मारा.'